सुशीच्या ताटातील न दिसणारा मासा

टोकियोत नोकरीनिमित्त राहणाऱ्या श्रावकास सहकारी मोठ्या आपुलकीने पारंपरिक सुशीगृहात नेतात, तेव्हा अडचण समोरच्या माशाची नसते; तो दिसतो, म्हणून टाळता येतो. खरी अडचण ‘दाशी’ची. बोनिटो माशाच्या वाळवलेल्या किसाचा हा अर्क जपानी स्वयंपाकात जागोजागी मुरलेला असतो. सुशी म्हणजे मुळात व्हिनेगर, साखर, मीठ घातलेला भात. (व्हिनेगर वर्ज्य मानणाऱ्यांचा प्रश्न येथेच मिटला.) काकडीची ‘कप्पामाकी’ त्यातल्या त्यात निर्धोक. ‘कान्प्यो’ ही तर आपल्या दुधी भोपळ्याचीच वाळवलेली पट्टी; परंतु ती, तसेच ‘इनारी’चे टोफूचे आवरण, पुष्कळदा दाशीतच शिजते. सोबतचे आले अर्थातच त्याज्य.

बौद्ध मठांतील ‘शोजिन र्‍योरी’त मासा नाही, कांदा-लसूणही नाही, दाशी कोम्बू या समुद्रवनस्पतीची. कंदमुळे व अळंबी मात्र तेथेही असतात. सुशीगृहात कारागीर एकेक घास हाताने वळून पुढे ठेवतो. तो परत करणे उभयतांस अवघड. म्हणून जागा राखतानाच नियम कळवावा आणि ‘मासा नको’ एवढ्यावर न थांबता दाशी कशाची, हेही विचारावे.