नाव तेच, तरी ‘जुळत नाही’: फार्मर आयडी, दोन याद्या आणि बरोबरचं चिन्ह

२०२५ च्या एप्रिलपासून राज्यात कृषी योजनांसाठी ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजेच फार्मर आयडी, सक्तीचा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात गावं पाण्याखाली गेली. सप्टेंबरमध्ये लातूरसह मराठवाडा झोडपला गेला आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मदत थेट खात्यात येणार म्हटल्यावर आधार, सातबारा आणि बँक पासबुक यांवरची नावं एकाच माणसाची आहेत, हे कुठल्यातरी कॉम्प्युटरला आधी पटावं लागतं.

आता समजा गावातल्या दोन याद्या तुम्हालाच जुळवायला दिल्या. लिनक्स येणारा मुलगा पाच ओळींची शेल स्क्रिप्ट लिहितो, हल्ली तर मोबाईलवर टर्मक्समध्येच. चौकटी कंसात दोन नावं आणि मध्ये ‘==’. बॅशमध्ये हे मस्त चालतं. पण पोसिक्स या मानकात एकच ‘=’ आहे. उबुंटूमध्ये २००६ पासून ‘एसएच’ म्हणजे डॅश, टर्मक्समध्येही तेच, आणि डॅशला ‘==’ कळत नाही. मॅकवरचं झेडशेलही साध्या कंसात त्यावर अडतं.

अडलं तर अडू दे, एरर दिसेल ना? इथेच खरी गोम आहे. डॅश एरर छापतो, पण स्क्रिप्ट थांबत नाही. ‘इफ’च्या दृष्टीने एरर म्हणजे ‘नाही’. म्हणजे गावातले सगळेच शेतकरी गुपचूप ‘जुळत नाही’च्या फाईलमध्ये जाऊन बसतात! व्हेरिएबलला अवतरण चिन्हं लावली नाहीत तरी साध्या कंसात तेच होतं, कारण आपलं पूर्ण नाव तीन शब्दांचं असतं आणि शेल त्याचे तीन तुकडे करतो.

गट नंबरची गंमत तर वेगळीच. ‘नंबर आहे ना’ म्हणून कुणी आकड्यांची तुलना करणारं ‘-ईक्यू’ वापरतं. बॅशच्या दुहेरी चौकटी कंसात ‘११२/२’ हा गट इंग्रजी आकड्यांत दिला, की बॅश सरळ भागाकार करतो आणि तो गट ५६ च्या बरोबर ठरतो. पोटहिस्सा एकाचा, जमीन दुसऱ्याची! गट नंबर हा आकडा नाहीच, ती अक्षरांची माळ आहे.

एवढं सगळं सांभाळलं तरी मराठी उरतेच. ‘कुऱ्हाडे’ आडनावातला ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक टाकून. स्क्रीनवर एकसारखंच दिसतं, शेलला मात्र दोन वेगळे शब्द. ॲग्रिस्टॅकमधला ‘ॲ’ घ्या. २००८ मध्ये युनिकोडला हे अक्षर मिळालं, पण त्याआधीची ‘अ’वर चंद्र देण्याची पद्धत अजून बऱ्याच कीबोर्डवर आहे. आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन या दोन्ही जोड्या एक करत नाही, ते बदल आपल्यालाच स्क्रिप्टमध्ये करावे लागतात. शिवाय यादी विंडोजवरून आली असेल तर ओळीच्या शेवटी एक अदृश्य ‘कॅरेज रिटर्न’ चिकटलेलं असतं, तेही आधी काढा.

फार्मर आयडीच्या नोंदणीत नावासाठी मॅच स्कोअर असतो, नुसतं हो-नाही नसतं. हे मला पटतं, कारण ज्ञानेश्वर इंग्रजीत ‘डी’नेही सुरू होतो आणि ‘जी’नेही. घरच्या स्क्रिप्टमध्ये स्कोअर काढत बसू नका. जुळणी आयडी क्रमांकावर करा, एकाच ‘=’ने, दोन्ही बाजूंना अवतरण चिन्हं देऊन. नाव फक्त शंका काढण्यापुरतं ठेवा. न जुळलेल्या नावांची फाईल वेगळी काढून गावच्या माहितगार माणसासमोर ठेवा, आणि ती फाईल अख्ख्या गावाएवढी निघाली तर आधी स्क्रिप्टची पहिली ओळ बघा, तिथे बॅश लिहिलंय की एसएच.