रुग्णशय्येपाशी आपला आवाज

आळंद हे नाव मराठी वाचकास राघवचैतन्यांच्या समाधिस्थानामुळे परिचित आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या हैदराबाद राज्यातील हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. तथापि अक्कलकोट आणि उमरगा यांना लागून असलेल्या या तालुक्यात कन्नड, मराठी आणि उर्दू या भाषा अद्याप एकाच ओसरीवर नांदतात. बाजारात ही गोष्ट सुखाची असते. रुग्णालयात ती तशी राहत नाही. रक्ताचा अहवाल कोणत्या खिडकीवर मिळेल, गोळी जेवणाआधी घ्यावयाची की नंतर, हे ज्या भाषेत सांगितले जाते ती खाटेवरील म्हातारीची भाषा असेलच असे नाही. आणि पुन्हा विचारण्याचा धीर तिला होत नाही.

आळंदच्या सरकारी रुग्णालयात स्वयंसेवकांनी चालविलेले एक लहानसे ध्वनिकेंद्र असावे, असे आम्ही सुचवितो ते याच कारणास्तव. कल्पना नवी नव्हे. इंग्लंडात यॉर्कच्या रुग्णालयात १९२०च्या दशकातच खाटेशी श्रवणयंत्रे जोडली गेली होती. पुढे तेथे ही एक परंपराच झाली. दिवसा नोकरी करणारी माणसे सायंकाळी वॉर्डात फिरून रोग्यांच्या आवडीची गाणी टिपून घेतात आणि रात्री ती ऐकवितात.

आपल्याकडे हे जमेल काय, अशी शंका गोमंतकीयाने तरी काढू नये. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या रानातून आणि पुढे कॅसलरॉकहून, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या भूमीवरून, गोव्याच्या मुक्तीचे नभोवाणी केंद्र चालविले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९९५ सालचा. तो देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी पी. बी. सावंत यांच्याच हस्ते १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूर येथे संघम रेडिओ सुरू झाला. हे गाव तेलंगणात, जहीराबादजवळ. बीदरहून फार दूर नाही. तेथे ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्त्रिया दलित शेतकरी कुटुंबांतल्या आहेत. यंत्राला शिक्षणाचा दाखला लागत नाही, एवढे त्यांनी सिद्ध केले.

आता सामग्रीचा विचार. आपल्याकडे देणगीदार प्रथम मनोरा उभारू पाहतो, कारण त्यावर नावाची पाटी दुरून दिसते! रुग्णालयास मनोरा नकोच. खाटेपर्यंत तार न्यावी, प्रत्येक खाटेशी श्रवणयंत्र आणि बंद करण्याची कळ असावी. ही कळ आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. रुग्णालयाच्या परिसराभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येते, आणि तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलांची मर्यादा आहे. भिंतीवर भोंगा टांगून रोग्याच्या कानी भजन घालणे ही सेवा नव्हे, उपद्रव आहे.

खोली लहान चालेल, परंतु ती घुमता कामा नये. महागडे ध्वनिरोधक तक्ते परवडत नसतील तर भिंतींवर जाड गोधड्या, तिकडच्या भाषेत कौदी, टांगाव्यात. घुमणे पुष्कळ कमी होते. बाहेरचा गलबला मात्र गोधडीने थांबत नाही, त्यासाठी दार-खिडकीच्या फटी बुजवाव्यात. बोलणाऱ्याच्या तोंडाजवळचाच आवाज टिपणारा साधा, दणकट मायक्रोफोन घ्यावा. नाजूक मायक्रोफोन पंख्याची घरघर आणि दूरच्या बादलीचा खणखणाटही ऐकवितो. वीज जाईल तेव्हा चालणारी बॅटरी हवी, आणि जमिनीत नीट उतरविलेली अर्थिंगची तार हवी. नाहीतर गाण्याखाली सतत एक गुणगुण ऐकू येते. बॅटरी काही वर्षांनी मरते. तिची तजवीज पहिल्याच अंदाजपत्रकात नसेल तर सारे यंत्र धूळ खात पडते, हा आपल्या सार्वजनिक संस्थांचा नित्याचा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशास? मोबाइलवर जगातील गाणी मिळतात हे खरे. परंतु आज अमुक डॉक्टर येणार नाहीत, क्षयाची औषधे मध्येच सोडू नका, सायंकाळची मोटार कोठून सुटते, हे आळंदच्या मराठीत आणि आळंदच्या कन्नडमध्ये तो सांगत नाही. मात्र एक नियम कठोरपणे पाळावा लागेल. रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे नाव, खाटेचा क्रमांक किंवा आजार यांचा उच्चारही होऊ नये. लहान गावात उपचाराआधी बातमी घरी पोहोचते.

आळंद तालुक्यातच कडगंची येथे २००९ साली स्थापन झालेले कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ आहे. त्याने आठवड्यातून दोन सायंकाळी तिन्ही भाषा जाणणारे चार विद्यार्थी द्यावेत आणि कल्याण कर्नाटक विकास मंडळाने यंत्रांबरोबर पाच वर्षांच्या दुरुस्तीचा खर्चही मंजूर करावा. तोवर एक वही घेऊन वॉर्डात जाणे आणि कोणत्या खाटेवर कोणती भाषा बोलली जाते ते टिपणे, एवढे काम तर बिनपैशाचे आहे.