पदराची अट

मैत्रिणींनो,

गेल्या ८ मार्चला चंदगडात आमच्या मंडळाचा मेळावा झाला. जेवणे झाल्यावर गाण्यांना सुरुवात झाली. काजूच्या कारखान्यात काम करणारी आमची एक मैत्रीण लावणी म्हणायला उभी राहिली. अंगावर ठेवणीतली साडी, पण बोटे काजूच्या चिकाने काळी पडलेली. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली : "बायकांच्या मेळाव्यात लावणी?" ती कुजबुज थांबवावी म्हणून मी माइकवरून म्हणाले, "म्हण की गं. फक्त सुलोचनाबाईंसारखा डोक्यावरून पदर घे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "ताई, पदर घेतला म्हंजे गाणं बदलतंय व्हय?" एवढेच म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. मेळावा पार पडला, ठराव झाले. तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला.

सुलोचनाबाई चव्हाण या माहेरच्या कदम. जन्म १३ मार्च १९३३ चा, मुंबईचा. लहान वयातच त्यांनी हिंदी चित्रपटांसाठी गायला सुरुवात केली. मोहम्मद रफी, मन्ना डे यांच्याबरोबर त्या गायल्या. वत्सलाबाई कुमठेकरांची लावणी ध्वनिमुद्रिकेवर ऐकून घरात गुणगुणली, म्हणून आईचा ओरडा खाल्ल्याची आठवण त्या सांगत. चांगल्या घरातल्या मुलीने असले गाणे गायचे नाही, हा तेव्हाचा दंडक. पुढे त्यांचे लग्न झाले ते कोल्हापूरच्या श्यामराव चव्हाणांशी. श्यामराव चित्रपट दिग्दर्शक. लावणीतले आपले गुरू म्हणून सुलोचनाबाई त्यांचेच नाव घेत. मग 'रंगल्या रात्री अशा' (१९६२), 'सवाल माझा ऐका' (१९६४), 'मल्हारी मार्तंड' (१९६५) अशा चित्रपटांतल्या लावण्यांनी त्यांचा आवाज महाराष्ट्रात घरोघरी गेला. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटले. २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्या गेल्या.

त्या गेल्यावर मी अनेक श्रद्धांजल्या वाचल्या, ऐकल्या. जवळजवळ प्रत्येकीत डोक्यावरचा पदर होता. लावणी गाऊनही त्यांनी घरंदाजपणा सोडला नाही, असा एकूण सूर. या 'गाऊनही'तला 'ही' मला खटकतो. त्याचा अर्थ एवढाच की लावणी गाणारी बाई मुळात हलकी, आणि ही तेवढी अपवाद.

वास्तविक कौतुक व्हायला हवे ते त्यांच्या गळ्याचे आणि मेहनतीचे. हातवारे नाहीत, डोळ्यांचे इशारे नाहीत, पायांत चाळ नाहीत. एका जागी स्थिर राहून लावणीतला सगळा ठसका केवळ आवाजातून आणि शब्दाच्या फेकीतून उभा करायचा, हे केवढे अवघड काम! ते काम बाजूला राहिले आणि आपण पदराची तारीफ करत बसलो.

याच काळात विठाबाई नारायणगावकर तंबूतल्या फडावर नाचत-गात होत्या. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घरात जन्मलेल्या या बाईने दिवस भरलेले असताना फड सोडला नाही. खेळ चालू असतानाच पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्राला माहीत आहे. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना पारितोषिके मिळाली. तरी २००२ साली त्या गेल्या तोवरचे अखेरचे दिवस हलाखीतच गेले. आज त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते.

लावणी दोघींचीही. एकीची रेडिओतून आपल्या माजघरात आली, दुसरीची कनातीबाहेर आली नाही. एकीच्या मागे नवऱ्याचे नाव होते, डोक्यावर पदर होता. दुसरीच्या मागे होती जात आणि तिकिटाचे पैसे मोजून शिट्ट्या मारणारी गर्दी. ज्या मांग, महार, कोल्हाटी बायकांनी पिढ्यान् पिढ्या ही कला जगवली, त्यांच्या गाण्याला आपण घरात घेतले आणि त्यांना दाराबाहेर ठेवले.

यात सुलोचनाबाईंचा दोष काढायचा नाही. तो पदर त्यांची स्वतःची आवड असेल, नाहीतर त्या काळात निर्वेधपणे गाता यावे म्हणून घेतलेली ढाल असेल. तो त्यांचा अधिकार. पण एका बाईने निवडलेली गोष्ट आपण दुसरीवर अट म्हणून लादली, की त्या ढालीची छडी होते. ८ मार्चला ती छडी माझ्याच हातात होती. बाईच्या देहावर आणि कपड्यांवर समाजाने हक्क सांगू नये, असे वर्षभर शिबिरांतून सांगणारी मी, पहिली कुजबुज ऐकताच समाजाच्या बाजूने बोलले.

लावणीतले सगळेच आपल्याला मान्य आहे असे नव्हे. बहुतेक लावण्या पुरुषांनी, पुरुषांच्या नजरेतून लिहिल्या. त्यावर बोलू, भांडू. पण ते भांडण शब्दांशी करू, गाणाऱ्या बाईच्या अब्रूशी नको.

मी त्या मैत्रिणीकडे जाऊन माफी मागितली. ती हसली, "बघू" म्हणाली. पुढच्या मेळाव्यात ती गाईल की नाही, हे तिने ठरवायचे आहे. आपण काय करायचे ते मात्र आपल्याला ठरवता येईल. आपल्या गटाच्या गावात फडावर नाचलेली, आता थकलेली कुणी बाई असेल तर तिला मेळाव्याचे आमंत्रण द्या. पायाखालच्या सतरंजीवर नको, व्यासपीठावर बसवा. शासनाचे वृद्ध कलावंतांचे मानधन तिला मिळते का, विचारा; मिळत नसेल तर अर्ज भरायला तिच्यासोबत जा. आणि काय घडले ते आम्हाला जरूर कळवा.

आपली,
संपादक