तरुण संशोधकाला अधिकार हवा

परभणी जिल्ह्यातील वालूरच्या प्राचीन बारवा पाहिल्या की, पाण्याचे शास्त्र या भूमीला परके नव्हते हे ध्यानी येते. आज मात्र मराठवाड्यातील अनेक बुद्धिमान संशोधकांची उमेदीची वर्षे ज्येष्ठांच्या प्रकल्पांत दुय्यम राहण्यातच सरतात.

इतिहासाचा दाखला वेगळा आहे. १९४४ साली चौतिशीतील होमी भाभांनी टाटा विश्वस्तांपुढे योजना मांडली. विश्वस्तांनी विश्वास टाकला आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली.

२०२३च्या कायद्याने निर्माण झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने २०२४ मध्ये नवोदित प्राध्यापकांसाठी तीन वर्षांकरिता ६० लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाची योजना आणली. हे पाऊल स्वागतार्हच होय. परंतु सुसज्ज महानगरी संस्थाच स्पर्धेत पुढे राहणार असतील, तर परभणीने काय करावे? ‘परभणी क्रांती’ भेंडी देणाऱ्या येथील कृषी विद्यापीठाच्या दाराशी कोरडवाहू शेतीचे प्रश्न उभे आहेत. नवे वाण सिद्ध होण्यास तीन वर्षे पुरत नाहीत. म्हणून ग्रामीण विद्यापीठांसाठी स्वतंत्र वाटा, दीर्घ मुदत आणि तरुण गटप्रमुखाला खर्चाचा व सहकारी निवडण्याचा अधिकार हवा. विश्वासाविना दिलेला निधी केवळ हिशेबाच्या वहीतच शोभतो.