डबलसीटचं वजन कोण विचारणार?

मोटरसायकलचे मागचे शॉकअप बदलायला गिऱ्हाईक आलं की दुकानदाराने पहिला प्रश्न विचारायला हवा, "दोघांचं मिळून वजन किती?" हा प्रश्न कोणी विचारत नाही. मॉडेल विचारतात, बजेट विचारतात, स्प्रिंग काळी हवी की पिवळी तेही विचारतात. वजन मात्र नाही. आणि गिऱ्हाईकही आपण होऊन सांगत नाही. माझं भांडण ह्या दोघांशी आहे.

आता तुम्ही म्हणाल, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या ह्या बी.ए. बाईला शॉकअपमधलं काय कळतं? मंडळी, १९७९ साली ह्यांनी येझदी घेतली तेव्हापासून मी डबलसीट बसले आहे. पुढे बुलेट आली. वाशीहून चिपळूणजवळच्या आमच्या गावापर्यंत, पळस्पे, पेण, वडखळ, माणगाव, महाड, मग कशेडीचा घाट. तेव्हा त्या महामार्गाला सतरा नंबर म्हणत, आता सहासष्ट म्हणतात. ह्यांच्या गुडघ्यांमुळे गाडी सुटून सात वर्षं झाली, पण चाळीस वर्षांत मागच्या चाकाची नि माझी जेवढी जवळीक झाली तेवढी ह्यांची कधी झाली नाही. चालवणाऱ्याला खड्डा दिसतो. तो फूटरेस्टवर जोर देऊन किंचित उठतो आणि धक्का पायांवर घेतो. मागचीला दिसते फक्त पुढच्याची पाठ. खड्डा आला हे तिला तिच्या मणक्याकडून कळतं.

शिवाय बसायच्या जागेतही फरक आहे. एसटीच्या शेवटच्या बाकावर ज्याने प्रवास केला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. चालवणारा दोन चाकांच्या मधोमध बसतो, म्हणून मागचं चाक चार बोटं उचललं तरी तो साधारण दोन बोटंच उचलला जातो. डबलसीटवाली जवळजवळ चाकाच्या आसावरच बसलेली असते. तिला चारही बोटं मिळतात. म्हणजे मागचे शॉकअप मुख्यतः ज्या माणसासाठी असतात, त्या माणसाला ते निवडताना कोणी विचारतच नाही!

निमित्त झालं पुतण्याचं. त्याच्याकडे इंटरसेप्टर ६५० आहे. चाळीस हजार किलोमीटर झाले, मूळचे शॉकअप थकले होते, ते बदलणं रास्तच होतं. पण आणले ते बाजूला डबी लावलेले, झगमगीत, पंचवीस हजारांच्या घरातले. दुकानदार म्हणाला, टूरिंगला हार्डच पाहिजेत. त्यानंतर दोन सहली झाल्या आणि तिसऱ्या सहलीला सूनबाई "तुम्ही जाऊन या" म्हणाली. मला हळूच म्हणते, "काकू, माझीच पाठ जरा नाजूक आहे." हे वाक्य ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पाठ तिची, पैसे खर्च झालेले, आणि दोषही तिच्याच पाठीचा?

थोडं शिकवू द्या, सवय जात नाही. शॉकअपात दोन गोष्टी असतात. बाहेर दिसते ती स्प्रिंग, तिचं काम वजन पेलायचं. आत तेल, ते बारीक छिद्रांतून इकडून तिकडे ढकललं जातं आणि स्प्रिंगची हालचाल शांत करतं. चकलीचा सोऱ्या आठवा. हळू दाबला तर पीठ निमूट उतरतं, घाईने दाबला तर अडतं. तेल नसेल तर खड्डा संपल्यावरही स्प्रिंग आपली उड्या मारत राहील. आता स्प्रिंगचं काम जर वजन पेलायचं आहे, तर वजन माहीत नसताना ती निवडायची कशी? चष्मा घेताना नंबर न सांगता नुसती फ्रेम पसंत करून घरी यावं, तसं हे आहे.

पुतण्या म्हणतो, "त्यात काय काकू, रिंग फिरवून अॅडजस्ट होतं." होतं, पण काय होतं ते समजून घ्या. ती रिंग म्हणजे प्रीलोड. पलंगाखाली विटा ठेवल्या तर पलंग उंच होतो, गादी मऊ किंवा कडक होत नाही. प्रीलोडचं तसंच आहे. वजनाने खाली बसलेली गाडी त्याने वर येते, स्प्रिंगची मूळ ताकद तीच राहते. चुकीची स्प्रिंग रिंग फिरवून बरोबर होत नाही.

बरं, ती डबी कशाला? खडबडीत रस्त्यावर तासन् तास पळवलं की आतलं तेल तापून पातळ होतं, फेसाळतं, आणि शॉकअप आपलं काम विसरतो. म्हणून आत दाबाखाली नायट्रोजन भरतात, आणि डबीत जास्तीचं तेल नि वायू वेगळे ठेवायला जागा मिळते. उपयोग आहेच. पण पन्नास-साठच्या वेगाने, वडखळला चहा घेत जाणाऱ्या जोडप्याला डबीआधी योग्य स्प्रिंग हवी, आणि जमलं तर उसळी कमीजास्त करायची सोय, ज्याला रिबाउंड म्हणतात ती. ज्या स्वीडिश ओलिन्सच्या सोनेरी रंगाची सगळे नक्कल करतात, तो १९७६ सालचा कारखाना. अशा कारखान्यांचं खरं मोठेपण हे की ते शॉकअपसाठी वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा देतात. ते सोडून आपण रंग उचलला. आणि स्वीडनला तरी कशाला जायचं? गॅब्रिएल इंडिया १९६१ सालची, चाकणला तिचा कारखाना आहे. वाळूजला एन्ड्युरन्स आहे. स्प्रिंग किती वजनासाठी करायची ह्याचा हिशेब महाराष्ट्रात रोज होतो, फक्त दुकानाच्या काउंटरपर्यंत तो पोचत नाही.

"बायकांचं वजन विचारू नये" म्हणे! हा शिष्टाचार लग्नाच्या पंगतीत पाळा. इथे त्या शिष्टाचारापायी बाईचे मणके झिजतात. सूनबाईचं वजन बावन्न किलो, तिने एका क्षणात सांगितलं. पुतण्या सत्तर. हेल्मेटं, जाकिटं, बूट आणि दोन्ही बाजूंच्या बॅगा मिळून आणखी पंचवीस. एकशे सत्तेचाळीस किलो. हा आकडा काढायला घरचा वजनकाटा पुरतो.

मग मी शिवणाची टेप घेऊन नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरले. वॉचमन बघत होता, बघू दे. गाडी मेन स्टँडवर घेतली की मागचं चाक लोंबकळतं. तेव्हा चाकाच्या आसापासून वर सरळ रेषेत सीटखालच्या एका खुणेपर्यंत मोजायचं. मग गाडी खाली घेऊन दोघांनी सामानासकट बसायचं आणि पुन्हा मोजायचं. जो फरक येईल तेवढी गाडी वजनाने बसली. एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश बसली तर बरं. इंटरसेप्टरच्या मागच्या चाकाची हालचाल ८८ मिलिमीटर, म्हणजे अठ्ठावीस-तीस यायला हवेत. आमचे आले एकोणीस, तेही रिंग सगळ्यात सैल असताना! ही स्प्रिंग कोणा दुसऱ्याच, चांगल्या धष्टपुष्ट जोडप्यासाठी केलेली होती. उलट एखाद्याची गाडी रिंग पूर्ण आवळूनही चाळीस-पंचेचाळीस बसत असेल, तर त्याची स्प्रिंग कमजोर. तो खड्ड्यात तळ गाठणार, आणि तोही दणका मागचीलाच.

दुसरी बाजू मला ठाऊक आहे. जो वर्षभर एकटा फिरतो आणि बायको दोनदाच येते, त्याने काय करावं? त्याने एकट्याच्या वजनाला स्प्रिंग घ्यावी आणि त्या दोन वेळा निघण्यापूर्वी पाच मिनिटं खर्चून हुकाच्या पान्याने रिंग आवळावी. एवढं त्याच्याच्याने होत नसेल तर पंचवीस हजार खर्चू नयेत. "हार्ड असले की गाडी स्थिर राहते" हेही अर्धंच खरं. फार कडक झाली की चाक खड्ड्यावरून उडतं, आणि हवेतल्या चाकाला कसली आली आहे पकड?

"रस्ते सुधारले की प्रश्नच नाही" असं म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. पुण्याच्या एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी, २०२४ साली झालेल्या अटल सेतूवरही बंदी. गुळगुळीत रस्ते आपल्याला नाहीतच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, असा पसरट सांगितला आहे. आपल्या गल्लीतला कधी मोजून पाहा.

आणखी एक खूळ म्हणजे गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मूळच्यापेक्षा लांब शॉकअप लावायचे. मागचा भाग उचलला की पुढचा झुकतो, हँडलचा स्वभाव बदलतो, चेनचा ताण बदलतो, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. आणि साडी नेसून त्या उंच सीटवर चढायचं कोणी? शॉकअप लावताना साडीगार्ड "मध्ये येतं" म्हणून काढून टाकणारेही मी पाहिले आहेत. मागच्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि चाकाला आच्छादन हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात लिहिलेलं आहे. ती सजावट नव्हे.

असो. पुतण्या टेपवरचा आकडा लिहून घेऊन त्या दुकानात परत गेला. दुकानदार आधी हसला, मग कॅटलॉग उघडला. त्याच शॉकअपला बसणाऱ्या दोन हलक्या ताकदीच्या स्प्रिंगा त्यात होत्या, पहिल्या दिवसापासून होत्या! तेल आणि सील बदलून कोण देतं हेही ह्यावेळी विचारून घेतलं, कारण जे उघडून दुरुस्त होत नाहीत ते थकले की भंगारातच जातात. योग्य त्या स्प्रिंगा मागवल्या आहेत, पंधरा दिवस लागतील म्हणाला. आल्या की टेप घेऊन पुन्हा खाली उतरायचं आहे. सूनबाईला सांगून ठेवलं आहे, अठ्ठावीस भरल्याशिवाय बॅग भरू नकोस.