विषय विद्यार्थी निवडतो की बसचे वेळापत्रक?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये उत्साह असतो. विहारात गुणवंतांचा सत्कार होतो, पुष्पगुच्छ दिले जातात, पेपरात फोटो छापून येतो. हे झालेच पाहिजे. परंतु सत्काराच्या त्या कार्यक्रमात त्या मुलाला कुणी विचारत नाही की, बाळा, अकरावीला कोणते विषय घेणार आहेस आणि का घेणार आहेस? दहावीत ऐंशी टक्के मिळवणारा मुलगा चार वर्षांनी कुठे पोहोचला, याचा हिशेब समाज म्हणून आपण ठेवत नाही. सत्कार करून आपण मोकळे होतो.

विषयाची निवड ही किरकोळ बाब नाही, हे आंबेडकरी माणसाला सांगण्याची गरज नसावी. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवले जाणार नाही, हे व्यवस्थेने ठरवले होते. म्हणून त्यांना पर्शियन घ्यावी लागली आणि १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या जिद्दीने आत्मसात केली, ही त्यांची थोरवी. पण शाळेत विद्यार्थ्याचा विषय त्याच्या जातीने ठरवला, ही या देशाची वस्तुस्थिती होती.

आज कोणताही मास्तर "तू हा विषय घ्यायचा नाहीस" असे उघडपणे म्हणू शकत नाही. संविधान आडवे येते. मग प्रश्न असा की, आपल्या मुलांचे विषय आज कोण ठरवते?

राळेगाव तालुक्यापुरते बोलायचे तर उत्तर सोपे आहे. वडकी, झाडगाव, वाढोणा बाजार या मोठ्या गावांच्या आसपासची जी खेडी आहेत, तेथील मुलांचे विषय अंतर ठरवते, बस ठरवते आणि बापाचा खिसा ठरवतो. विज्ञान शाखा म्हणजे चार विषयांचे तास, त्यावर प्रात्यक्षिके. प्रात्यक्षिक संपेपर्यंत थांबले तर गावाकडची बस निघून जाते. मुलगा कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून घरी येईल. मुलीचे काय? अहिल्याबाई होळकर योजनेतून तिला बसचा पास फुकट मिळतो, पण पास असून बस नसेल तर पासाचा उपयोग काय? मग घरात निर्णय होतो, "आर्ट घे, दुपारपर्यंत घरी येशील." तिला जीवशास्त्राची आवड होती, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की शेतमजुराची मुले महिना-महिना वर्गात दिसत नाहीत. त्या महिन्यात शिकवलेला धडा त्यांच्यासाठी परत कोण शिकवणार? कॉलेजचे वेळापत्रक तयार करताना बस आणि वेचणी या दोन गोष्टी कुणाच्याच डोळ्यासमोर नसतात.

आता त्यात ऑनलाइनची भर पडली. पूर्वी मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती अशा महानगरांपुरती असलेली अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५-२६ पासून संपूर्ण राज्याला लागू झाली. प्रवेश गुणवत्तेने आणि आरक्षणाने होणार, अनुसूचित जातीच्या १३ टक्के जागा संगणकच भरणार, हे चांगलेच आहे. संस्थाचालकाच्या मर्जीपेक्षा ते बरे. परंतु या प्रक्रियेत कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजांचा पसंतीक्रम द्यावा लागत होता. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद होत होता. म्हणजे पहिल्या क्रमांकावर काय लिहिले, यावर सारे अवलंबून. आणि आपल्याकडे तो क्रम कोण लिहितो? ऑनलाइन सेंटरवाला! बाप फॉर्मचे पैसे देऊन बाहेर उभा असतो. एका मुलाची दोन वर्षे पाच मिनिटांत ठरून जातात.

शहरात वेगळाच खेळ चालतो. प्रवेश कॉलेजात आणि शिक्षण कोचिंग क्लासमध्ये. क्लासवाले आणि कॉलेजवाले यांचे साटेलोटे असते. मुले दिवसभर क्लासमध्ये, हजेरी मात्र कॉलेजच्या रजिस्टरवर. हे थांबवण्यासाठी २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची बायोमेट्रिक हजेरी घेण्याचा आदेश काढला. तरीही क्लासचा धंदा बंद झाला नाही. यात मरण कुणाचे? ज्याच्याकडे क्लासची लाखाची फी भरायला पैसे नाहीत आणि जो कॉलेजच्या तासावरच विसंबून आहे, त्याचे. वर्गच भरत नसेल तर तो शिकणार कुठे? श्रीमंताचे वेळापत्रक क्लास ठरवतो. गरिबाच्या वाट्याला रिकामा वर्ग येतो.

याहून गंभीर गोष्ट २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यातून पुढे आली. दहावीत गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे, पण त्याला पुढे गणित-विज्ञानावर आधारित अभ्यासक्रम घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा, अशी ती सूचना. वरवर पाहता ही दया वाटते. नापासाचा शिक्का पुसला जातो, मुले शाळा सोडत नाहीत, असे सांगितले जाते. पण हा शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर बसेल, याचा विचार करा. ज्या शाळेत गणिताचा शिक्षकच नाही, प्रयोगशाळेला कुलूप आहे, त्या शाळेतल्या मुलाच्या! शिक्षक न देण्याचा गुन्हा शासनाचा आणि शिक्का मात्र मुलाच्या कपाळावर. नापास झालेला मुलगा पुन्हा परीक्षेला बसू शकतो. सोळाव्या वर्षी "हे तुझे क्षेत्र नव्हे" असे कागदावर लिहून मिळालेला मुलगा मनानेच बसत नाही. मनूने वेगळे काय केले होते?

दुसरीकडे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की कला, वाणिज्य, विज्ञान यांच्यातील भिंती पाडू, विद्यार्थ्याला हवे ते विषय घेऊ देऊ. कल्पना वाईट नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले, शिवाय फ्रेंच आणि जर्मनही. शाळेत ज्याला एक विषय नाकारला गेला, त्याने संधी मिळताच ज्ञानाचे सारे दालन पालथे घातले. निवडीचे स्वातंत्र्य माणसाला कुठे नेते, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. पण कोलंबियात ते विषय शिकवणारे प्राध्यापक होते. ज्या कॉलेजात तासिका तत्त्वावरचे शिक्षकही वेळेवर नेमले जात नाहीत, तेथे भिंत पाडून पलीकडे काय दिसणार? रिकामी खुर्ची!

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. संविधानाच्या कलम २१-अ ने दिलेला शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वयोगटापुरता आहे. उन्नीकृष्णन खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चौदा वर्षांनंतरचा हक्क राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत आहे. म्हणजे जेथे निवड सुरू होते, नेमका तेथेच हक्क संपतो. आणि २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचे दार उघडून शासनाने आपली जबाबदारी आणखी हलकी करून घेतली. याच राळेगाव मतदारसंघाने वसंत पुरके यांच्या रूपाने राज्याला शालेय शिक्षणमंत्री दिला, २०२४ मध्ये अशोक उईके यांच्या रूपाने आदिवासी विकास मंत्रीही दिला. तरी आदिवासी आणि बौद्ध वस्तीतल्या मुलीचा प्रात्यक्षिकाचा तास आणि शेवटची बस यांचा मेळ बसत नाही. प्रतिनिधित्व मिळूनही प्रश्न का सुटत नाहीत, याचाही समाजाने विचार करावा.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा तेथे सकाळचे वर्ग ठेवले. का? नोकरी करून शिकणाऱ्या गरीब तरुणाला दिवसा येता येत नव्हते म्हणून. विद्यार्थ्याने कॉलेजच्या सोयीने जगावे असे त्यांनी म्हटले नाही, कॉलेजलाच विद्यार्थ्याच्या सोयीने उभे केले. वेळापत्रकाकडे पाहण्याची ही आंबेडकरी दृष्टी आहे.

मग आपण काय करायचे? पहिले, निकालाच्या आधी, एप्रिल-मे मध्येच प्रत्येक विहारात एक रविवार विषय निवडीसाठी द्यावा. समाजातील शिक्षक, अभियंते, परिचारिका, वकील यांनी तेथे बसावे आणि मुलांना साध्या भाषेत सांगावे. डॉक्टरकीला जीवशास्त्र लागते, अभियांत्रिकीला गणित लागते. दहावीनंतर पॉलिटेक्निक केले तर थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. पाच वर्षांच्या वकिलीला कोणतीही शाखा चालते, त्यामुळे कला शाखा घेतली म्हणजे आयुष्य संपले असे नाही. फक्त ती नाइलाजाने नव्हे, समजून घ्यावी.

दुसरे, पसंतीक्रमाचा फॉर्म सेंटरवाल्याच्या हाती सोडू नये. आपला सुशिक्षित कार्यकर्ता पालकाच्या शेजारी बसला पाहिजे. तिसरे, विज्ञान घेणाऱ्या मुलाने जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. आजोबांचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल आत्ताच शोधावी. बारावीच्या निकालानंतर धावपळ करून हातची जागा गमावू नये. शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करावा.

आणि शेवटचे, आपण मागायला शिकावे. आगार व्यवस्थापकाकडे प्रात्यक्षिकाच्या वेळेनंतरची बस मागावी. प्राचार्यांकडे वेचणीच्या महिन्यात बुडालेले तास मागावेत. शिक्षणाधिकाऱ्यांकडे गणित-विज्ञानाचा शिक्षक मागावा, आणि लेखी मागावा. अर्जाची पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहे. बाबासाहेबांनी सांगितलेल्या तीन शब्दांतला पहिला शब्द 'शिका' हा आहे. काय शिकायचे हे आपल्या मुलांच्या वतीने बसचा कंडक्टर, क्लासवाला आणि ऑनलाइन सेंटरवाला ठरवत असेल, तर उरलेल्या दोन शब्दांचे काम आधी येथूनच सुरू करावे लागेल.