नातवाचें कॉलेज

बारावीचा निकाल लागला कीं घरोघरीं एकच खल सुरू होतो: मुलाला कोठें घालावयाचें? लातूर कीं सोलापूर, संभाजीनगर कीं पुणें? गुणांचा हिशेब होतो, फीचा होतो, आणि कोणत्या गांवीं मावशी आहे व कोणत्या गांवीं चुलते, हेंही पाहिलें जातें. या महिन्यांत मात्र धाराशिव जिल्ह्यांतीलच एका वृद्ध वाचकांनीं निराळाच प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या नातवानें आईजवळ सांगितलें कीं, मला मुलींविषयीं ओढ वाटत नाहीं, मुलांविषयीं वाटते, आणि ती कळूं लागल्यापासून वाटते. आईनें तें सासऱ्यांच्या कानावर घातलें. घरांत दोन पक्ष पडले. एक म्हणतो, धाराशिवांतच ठेवावा, डोळ्यांसमोर राहील. दुसरा म्हणतो, पुण्यास धाडावा, म्हणजे गांवांत बभ्रा होणार नाहीं. शिवाय धाकटे चुलते म्हणतात, फी मी भरतों, पण पदवी मिळतांच लग्न करीन असें त्यानें आधीं कबूल करावें. आजोबांचें विचारणें एवढेंच कीं, असा मुलगा स्वस्थ मनानें शिकूं शकेल असें कॉलेज कोणतें, आणि तें ओळखावें कसें?

दोन्ही पक्षांना मुलाच्या शिक्षणाचें कांहींच पडलेलें नाहीं, हें आजोबांच्या ध्यानांत आलेंच असेल. एकाला पाळत ठेवावयाची आहे, दुसऱ्याला लौकिक सांभाळावयाचा आहे.

ही व्याधि नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. नाहीं तर कॉलेजाच्या आधीं मुलाला वैद्याच्या दारीं नेलें जातें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालीं समलिंगी आकर्षण रोगांच्या यादींतून काढून टाकलें. तें 'पालटण्याचे' उपचार करणें हें डॉक्टराचें व्यावसायिक गैरवर्तन होय, असें राष्ट्रीय वैद्यक आयोगानें २०२२ सालीं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळविलें. तेव्हां त्या उपचारांचा पैसा फीकडे वळवावा हें उत्तम. कायद्याचें भय घालणारेही भेटतील. त्यांना सांगावें कीं, ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे असा निर्णय दिला आहे.

शब्दांचाही घोळ होतो. संस्कृताच्या वर्गांत मुलें हटकून विचारीत, पत्नी एकच, मग 'दार' पुल्लिंगी, 'भार्या' स्त्रीलिंगी आणि 'कलत्र' नपुंसकलिंगी, असें कां? मी सांगत असें, शब्दाचें लिंग निराळें आणि देहाचें निराळें. तसेंच येथेंही आहे. देह कोणता, मनाला आपण कोण आहों असें जाणवतें, आणि ओढ कोणाविषयीं वाटते, या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. या नातवासारखा समलिंगी मुलगा स्वतःला मुलगाच समजतो. त्याची कागदपत्रें बिनचूक असतात, अडचण येते ती सहवासाची. पारलिंगी विद्यार्थ्याला मात्र दाखल्यावरील नांवापासून वसतिगृहाच्या खोलीपर्यंत प्रत्येक पायरीवर थांबावें लागतें. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं तृतीयपंथीयांची निराळी ओळख मान्य केली खरी, पण कॉलेजाच्या कारकुनाच्या खिडकीपर्यंत निकाल पोंचावयास वेळ लागतो.

हा विषय आपल्या भाषेंत आजच निघाला आहे असेंही नाहीं. 'समाजस्वास्थ्य'चे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ सालीं खटला झाला, तो वाचकांच्या खासगी प्रश्नांना, समलिंगी आकर्षणाच्या प्रश्नालाही, छापून उत्तरें दिलीं म्हणून. कर्व्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घेतलें होतें. खटला हरले व दंड झाला. त्याच डॉक्टरसाहेबांच्या नांवाच्या विद्यापीठाचें उपकेंद्र आज धाराशिवांत आहे. विषय निघतांच मान फिरविणारे एखादे प्राचार्य भेटले तर त्यांना याची आठवण द्यावयास हरकत नाहीं.

आतां कॉलेज. प्रवेशाच्या वेळीं विद्यार्थ्याकडून व पालकांकडून रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र घेतात. आपण तें न वाचतांच सही करतों. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१६ सालीं त्या नियमांत दुरुस्ती करून, लिंगभाव किंवा लैंगिक कल यांवरून केलेला छळ, चेष्टा व बहिष्कार हेंही रॅगिंगच ठरविलें आहे. तेव्हां कार्यालयांत सरळ विचारावें: समितींत कोण आहेत, ती शेवटची केव्हां भरली? उत्तर द्यावयास कागद शोधावे लागले तर काय समजावयाचें तें समजावें. आयोगाचा १८००-१८०-५५२२ हा मदतीचा क्रमांक नातवाला पाठ असूं द्यावा. समुपदेशक आहेत काय, आणि मुलानें सांगितलेलें ते घरीं कळवितात काय, हेंही विचारावें. सर्वांत अधिक माहिती वसतिगृहाच्या भोजनालयांत मिळते. तेथें बसून मुलें एकमेकांना कोणत्या नांवांनीं हाका मारतात तें ऐकावें.

ही चौकशी करतांना आपला मुलगा कसा आहे हें मात्र कोणालाही सांगूं नये. तें सांगण्याचा अधिकार त्याचा आहे.

कांहीं ठिकाणीं विद्यार्थ्यांनींच वाट केली आहे. मुंबईच्या आयआयटींत 'साथी' हा मंडळाचा उपक्रम २०११ सालीं सुरू झाला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मुंबईच्या आवारांत २०१८ सालीं लिंगभेद न मानणारें वसतिगृह निघालें. याच संस्थेचें एक आवार आपल्या तुळजापुरास १९८६ पासून आहे! मुंबईस झालें म्हणून तुळजापुरास तसेंच असेल असें धरूं नये, धाराशिवाहून एस्. टी.नें तासाभराच्या आंत जातां येतें, जाऊन पाहावें. पुण्यास बिंदुमाधव खिरे यांनीं २००२ सालीं 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला. त्यांचें 'इंद्रधनु' हें मराठी पुस्तक आधीं सूनबाईंना वाचावयास द्यावें. धाकट्या चुलत्यांना मागाहून.

माझें मत विचाराल तर मुलानें गांवाबाहेर शिकावें. धाराशिवांत प्रत्येकजण कोणाचा तरी मेहुणा असतो, तेथें मुलाला श्वास घेतां येणार नाहीं. पण मोठें शहर म्हणजे मोठें मन असें नाहीं. एखाद्या लहान कॉलेजांतील एक समंजस प्राध्यापक पुण्याच्या दगडी इमारतीहून मोलाचा ठरतो. पुण्यांत चुलत्यांच्या घरीं मात्र ठेवूं नये. ती पाळतच झाली.

आणि चुलत्यांच्या अटीविषयीं. लग्नाच्या करारावर दिलेली फी ही फी नव्हे, सावकारी आहे. त्या लग्नांत दुसऱ्या कोणाची तरी मुलगी या घरांत येणार आहे, तिचा विचार या बैठकींत कोणी केलेला दिसत नाहीं. एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नांत नातवाचाही वांटा आहे. आजोबांनीं कर्तेपण अद्याप सोडलें नसेल तर फी त्यांनीं बिनअट भरावी, आणि कॉलेज पाहावयास नातवाबरोबर स्वतःच जावें. त्याला आंत एकट्याला हिंडूं द्यावें. आपण बाहेर झाडाखालीं बसावें. परत आल्यावर तो जें सांगेल त्यावरून नांव घालावें.